महिला फुटबॉलमधली बचावपटू: कारकीर्द घडते कशी, टिकते कशी

जानेवारी 2025 मध्ये चेल्सीने अमेरिकेच्या सॅन डिएगो वेव्ह या क्लबकडून नाओमी गिर्मा हिला घेतलं. मोजलेली रक्कम सुमारे 11 लाख डॉलर होती. महिला फुटबॉलमध्ये 10 लाख डॉलरचा टप्पा ओलांडणारा हा पहिला व्यवहार. याआधीचे विक्रम आघाडीच्या किंवा मधल्या फळीतल्या खेळाडूंच्या नावावर होते. गिर्मा मात्र सेंटर बॅक आहे, म्हणजे गोल करणं हे तिचं मुख्य काम नाही. क्लबने पैसे मोजले ते न झालेल्या गोलांसाठी. धावफलकावर न दिसणारी ही कामगिरी मोजायची कशी, ती कुठे शिकली जाते आणि ती करणाऱ्या बाईला त्यावर आयुष्य कसं उभं करता येतं, हे समजून घ्यायचं असेल तर इंग्लंडची बचावपटू लूसी ब्रॉन्झ हिची वाटचाल पाहावी. महिला फुटबॉल फावल्या वेळच्या खेळापासून पूर्ण वेळच्या नोकरीपर्यंत आला, तो सगळा काळ तिच्या कारकिर्दीत मावतो.

आधी काम काय ते पाहू.

आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं. चार जणींच्या बचावफळीत मध्ये दोन सेंटर बॅक आणि कडेला राइट बॅक व लेफ्ट बॅक असतात. ब्रॉन्झ राइट बॅक. तिच्या वाट्याला उजव्या कडेची पट्टी येते, पण त्या पट्टीत उभं राहणं म्हणजे तिचं काम नव्हे. चेंडू विरुद्ध बाजूला, डाव्या कडेला असेल तर तिला आत सरकून गोलच्या लांबच्या खांबासमोर यावं लागतं. कारण तिथून येणारा उंच क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, दोन्ही सेंटर बॅकच्या डोक्यावरून याच जागी पडतो. तिथे उभी असताना तिला चेंडूही दिसला पाहिजे आणि पाठीमागून धावत येणारी विंगर, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाची कडेची आघाडीपटूही. म्हणून ती शरीर तिरपं ठेवते आणि दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागे पाहते. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे असतो, त्यामुळे हे दिसत नाही. मैदानात बसून सामना पाहायची संधी मिळाली तर दहा मिनिटं फक्त चेंडूपासून लांब असलेल्या राइट बॅककडे पाहा. बचाव म्हणजे काय हे त्या दहा मिनिटांत जितकं कळेल, तितकं गोलांच्या चित्रफिती पाहून कधीच कळणार नाही.

चेंडू तिच्या बाजूच्या विंगरकडे गेला की काम बदलतं. चेंडू हवेत किंवा वाटेत असतानाच ती जोरात पुढे धावते आणि शेवटच्या तीन-चार मीटरांत पावलं लहान करते. पूर्ण वेगात गेलेल्या बचावपटूला दिशा बदलता येत नाही, विंगर एका स्पर्शात तिला मागे टाकते. सुमारे दीड-दोन मीटर अंतर राखून, एक पाय पुढे आणि गुडघे वाकवून, ती विंगरला कडेच्या रेषेकडे ढकलत नेते. आतली बाजू बंद ठेवायची, कारण आत गोल आहे आणि कडेला फक्त रेषा. टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू काढून घेणं, कधी करायचं? समोरचीचा चेंडू पायापासून जरा लांब सुटतो त्या क्षणी. त्याआधी पाय घालणं ही नवशिक्या बचावपटूची सर्वांत महागडी चूक. कबड्डीत कॉर्नरने घाईने पकड टाकली की चढाईपटूला गुण आणि सुटका दोन्ही मिळतं, तसंच इथे घडतं: एक जण मैदानातून वजा होते आणि बाकीच्या तिघींना आपापली जागा सोडावी लागते.

दुसरी चूक ऑफसाइडच्या रेषेची. चौघी एकत्र वर सरकल्या तर पास निघताना त्यांच्या पाठीमागे असलेली प्रतिस्पर्धी ऑफसाइड ठरते, म्हणजे तिला तो चेंडू खेळता येत नाही. त्यातली एक जण अर्धं पाऊल मागे राहिली तरी सगळा सापळा मोडतो. बहुतेकदा मागे राहणारी असते ती चेंडूपासून सर्वांत लांबची, म्हणजे दुसऱ्या कडेची बॅक. तिचं लक्ष चेंडूकडे लागलेलं असतं, शेजारणीकडे नाही. म्हणून सेंटर बॅकला सतत ओरडावं लागतं: वर, मागे, आत, थांब. हे बोलणं कौशल्यात मोजलं जातं, आणि प्रशिक्षक खेळाडू निवडताना ते कान देऊन ऐकतात.

तिसरी गोष्ट नियमांची, कारण बचावपटूची चूक लगेच शिक्षा होऊन येते. गोलची स्पष्ट संधी फाउल करून हिरावली तर पेनल्टी क्षेत्राबाहेर लाल कार्ड. क्षेत्राच्या आत चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना फाउल झाला तर पेनल्टी आणि पिवळं कार्ड, पण जर्सी ओढली किंवा ढकललं तर आतही लालच. क्षेत्रात बचावपटू हात पाठीमागे बांधून फटका अडवताना दिसतात, तेही यामुळेच: हाताने शरीराचा आकार अनैसर्गिकरीत्या वाढला आणि चेंडू लागला तर पेनल्टी. हात मागे घेतले की तोल कमी राहतो आणि वळायला वेळ लागतो, ही त्या सवयीची किंमत.

आणि स्वयंगोल. 30 ऑक्टोबर 2022 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. स्पेनने कोलंबियाला 1-0 असं हरवलं आणि तो एकमेव गोल कोलंबियाच्या बचावपटूकडून झालेला स्वयंगोल होता. गोलकडे तोंड करून परत धावणाऱ्या बचावपटूकडे चेंडू वेगाने आला, तर तिच्या शरीराची दिशाच चुकीची असते. यात निष्काळजीपणा शोधणं अन्याय आहे. अशा क्षणी करण्यासारखं एकच असतं: पाय किंवा डोकं असं लावायचं की चेंडू गोलच्या बाहेर, कडेला जाईल, कॉर्नर गेला तरी चालेल.

आता ब्रॉन्झकडे वळू. तिचा जन्म 1991 चा, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या बेरिक गावातला. आई इंग्रज, वडील पोर्तुगीज. लहानपणी ती ॲनिक गावाच्या मुलांच्या संघात खेळली. बाराव्या वर्षी तिला तो संघ सोडावा लागला, कारण त्या वेळच्या इंग्लिश नियमांनुसार त्या वयापुढे मुली मुलांसोबत खेळू शकत नसत. तिच्या खेळात काही कमी होतं म्हणून नव्हे, तर केवळ नियम म्हणून. पुढे सुंदरलँडच्या मुलींच्या संघाने तिला घेतलं. पण प्रवास लांब आणि सोय अपुरी. अनेक मुली याच वळणावर खेळ सोडतात, आणि मग दहा वर्षांनी निवड समित्या विचारतात की चांगल्या बचावपटू का मिळत नाहीत.

17 व्या वर्षी ती अमेरिकेला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली. हा मार्ग आजही महत्त्वाचा आहे. अमेरिकेत 1972 च्या शिक्षणविषयक कायद्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या विद्यापीठांना मुलींच्या खेळांनाही समान संधी द्यावी लागली. त्यातून मुलींच्या फुटबॉलला शिष्यवृत्त्या, मैदानं, डॉक्टर आणि पूर्ण वेळ प्रशिक्षक मिळाले. 2009 मध्ये ब्रॉन्झच्या संघाने तिथलं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. वर्षभराने ती इंग्लंडला परतली: आधी सुंदरलँड, मग एव्हर्टन. महिलांची सुपर लीग 2011 मध्ये आठ क्लबांनिशी सुरू झाली, पण ती पूर्ण वेळ व्यावसायिक नव्हती. तो दर्जा सर्व क्लबांना बंधनकारक झाला 2018-19 च्या हंगामापासून. त्यामुळे इंग्लंडच्या भावी तारकेने त्या वर्षांत पिझ्झाच्या दुकानात काम केलं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी सराव, म्हणजे स्नायूंना विश्रांती नाही. वरवर हा पैशांचा प्रश्न वाटतो, पण तो थेट गुडघ्यांपर्यंत जातो. ब्रॉन्झच्या गुडघ्यावर तरुणपणापासून अनेक शस्त्रक्रिया झाल्या.

लिव्हरपूलबरोबर तिने 2013 आणि 2014 ची लीग जिंकली, मँचेस्टर सिटीबरोबर 2016 ची. आणि मग 2017 मध्ये तिने आपल्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय घेतला, असं मला वाटतं: ती फ्रान्सच्या ल्योंला गेली. इंग्लंडमध्ये ती संघातली निश्चित खेळाडू होती. ल्योंमध्ये जागा मिळवावी लागणार होती. पण बचावपटू सामन्यात जेवढी शिकते, त्याहून जास्त सरावात शिकते, कारण सामन्यात तिच्यासमोर खरा धोका दहा-बारा वेळा येतो, सरावात तो रोज शंभर वेळा येतो. ल्योंच्या सरावात समोर आडा हेगरबर्ग आणि युजेनी ल सोमर या आघाडीपटू असायच्या. बाजूला 1.87 मीटर उंचीची वेंडी रेनार, ल्योंकडून आठ वेळा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकलेली सेंटर बॅक. ब्रॉन्झने तिथे 2018, 2019 आणि 2020 अशा लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. 2019 मध्ये युएफाची, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेची, सर्वोत्तम महिला खेळाडू आणि 2020 मध्ये फिफाची सर्वोत्तम महिला खेळाडू हे दोन्ही किताब तिला मिळाले. फिफाचा तो किताब मिळवणारी ती पहिली बचावपटू.

किताब मिळाला तो केवळ अडवण्यासाठी नव्हे. आजच्या राइट बॅकला हल्लाही करावा लागतो. विंगर आत सरकली की तिच्या बाहेरून पुढे धावायचं, गोलरेषेजवळून क्रॉस टाकायचा आणि चेंडू गमावला तर 60-70 मीटर परत पळायचं. ही धाव एका सामन्यात अनेकदा होते. पण त्यात एक कायमचा सौदा आहे: ती पुढे गेली की तिच्या मागची जागा रिकामी पडते.

20 ऑगस्ट 2023, सिडनी, विश्वचषकाची अंतिम लढत, इंग्लंड विरुद्ध स्पेन. 29 व्या मिनिटाला ब्रॉन्झ चेंडू घेऊन उजव्या कडेवरून मैदानाच्या मध्यात शिरली आणि स्पेनच्या घोळक्यात तिने तो गमावला. स्पेनने चेंडू ताबडतोब आपल्या डाव्या बाजूला, म्हणजे ब्रॉन्झने सोडलेल्या जागेकडे वळवला. मारियोना काल्देन्तेने तो बाहेरून धावत आलेल्या ओल्गा कार्मोनाला दिला आणि तिने खालून, लांबच्या कोपऱ्यात मारला. 1-0. तोच अंतिम निकाल. गंमत अशी की कार्मोना स्वतः लेफ्ट बॅक. एका बॅकने सोडलेली जागा दुसऱ्या बॅकने वापरली. त्या रात्री सगळा दोष ब्रॉन्झवर टाकला गेला, पण तो पूर्ण हिशोब नाही. बॅक आत शिरते तेव्हा जवळच्या मध्यरक्षकाने किंवा त्या बाजूच्या सेंटर बॅकने तिची जागा झाकायची असते, आणि चेंडू गमावताच पहिल्या चार-पाच सेकंदांत सर्वांनी मिळून दाब टाकायचा असतो. यातलं काहीही उशिरा झालं की गोलचं दार उघडतं. बचावपटूची चूक चित्रफितीत एकटी दिसते. प्रत्यक्षात ती साखळीतली एक कडी असते.

कराराबद्दल लोक सहसा कमी बोलतात, पण कारकीर्द तिथेच टिकते किंवा तुटते. मोठ्या लीगमधले करार बहुधा दोन-तीन वर्षांचे असतात. मुदत संपली की खेळाडू मोकळी होते आणि नव्या क्लबला जुन्या क्लबला रक्कम द्यावी लागत नाही. वाचलेल्या पैशांतला काही भाग खेळाडू पगारात किंवा सही करतानाच्या बोनसमध्ये मागू शकते. ल्योंनंतर सिटीत परतलेली ब्रॉन्झ 2022 मध्ये तिथला करार संपवून बार्सिलोनाला गेली आणि 2024 मध्ये बार्सिलोनाचा संपवून चेल्सीला. मधल्या दोन वर्षांत आणखी दोन चॅम्पियन्स लीग, एकूण पाच. पण ही चाल खेळायची तर करार संपतेवेळी तंदुरुस्त असणं भाग आहे. शेवटच्या सहा महिन्यांत गुडघा गेला तर हातात काहीच उरत नाही. म्हणून करार वाचताना आकड्याच्या आधी ही कलमं पाहावीत: दुखापतीच्या काळात पूर्ण पगार किती महिने, शस्त्रक्रिया आणि फिजिओचा खर्च कोणाचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची मुभा आहे का, राहण्याची सोय कशी. बोनस गोलांवर ठरवला असेल तर बचावपटूचं नुकसान. तिने तो खेळलेल्या सामन्यांवर आणि एकही गोल न होऊ दिलेल्या सामन्यांवर मागावा.

बाळंतपणाच्या बाबतीत फिफाचा नियम 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे: किमान 14 आठवडे रजा, त्यातले किमान 8 प्रसूतीनंतरचे, आणि पगाराचा किमान दोन तृतीयांश भाग. गरोदर राहिली म्हणून करार मोडता येत नाही. करारात हे लिहिलेलं नसलं तरी ते लागू होतं, हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक हवं.

पगारांत मात्र प्रचंड दरी आहे. अमेरिकेच्या लीगमध्ये 2025 साठी किमान वार्षिक पगार 48,500 डॉलर ठरला. भारतीय महिला लीग 2016-17 मध्ये सुरू झाली, आणि 2023 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जाहीर केलं की लीगमधल्या क्लबांनी किमान 10 भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचे करार द्यावेत. ही सुरुवात आहे, पण यावर घर चालत नाही.

आता शरीराचा भाग. महिला फुटबॉलमधली सर्वांत धास्तीची दुखापत म्हणजे गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध तुटणं. स्त्रियांमध्ये तिचा धोका पुरुषांच्या दुपटीहून जास्त मानला जातो. बचावपटूच्या बाबतीत ती बऱ्याचदा धक्का न लागताच होते: चेंडू असलेल्या खेळाडूकडे वेगाने धावत जाणं, अचानक थांबणं, तिने दिशा बदलताच वळणं. पाय जमिनीत रुतलेला, गुडघा आत वळलेला आणि वरचं शरीर दुसऱ्या दिशेला, अशी ती घडी असते. परतायला साधारण 9 ते 12 महिने लागतात. इंग्लंडची कर्णधार आणि सेंटर बॅक लीआ विल्यमसन एप्रिल 2023 मध्ये जखमी झाली, विश्वचषकाला मुकली आणि जानेवारी 2024 मध्ये परतली. गिर्माचाही एसीएल 2020 मध्ये, विद्यापीठात असताना तुटला होता. म्हणजे ही दुखापत कारकीर्द संपवतेच असं नाही, पण घाईने परतणं संपवू शकतं.

यावर स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे आणि तो गावातल्या संघालाही परवडतो. फिफा 11+ हा सरावाआधीचा व्यायामक्रम: 15 व्यायाम, सुमारे 20 मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. आधी 8 मिनिटं हलकी धाव, मग 10 मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी 2 मिनिटं वेगाची धाव व वळणं. बिघडतं ते दोन ठिकाणी. उडी मारून उतरताना गुडघे आत पडतात आणि कोणी दुरुस्त करत नाही. किंवा महिनाभराने कंटाळून मधला 10 मिनिटांचा भाग गाळला जातो, आणि खरा फायदा त्यातच असतो.

2025 च्या युरो स्पर्धेत, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेत, ब्रॉन्झ नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड स्वीडनविरुद्ध 0-2 मागे होतं. 79 व्या मिनिटाला तिने हेडरने पहिला गोल केला, दोन मिनिटांत बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये निर्णायक ठरलेली पेनल्टीही तिनेच मारली. इंग्लंडने पुढे किताब राखला. तिच्या जिद्दीला मनापासून सलाम, पण पंधरा वर्षांच्या मुलीने यातून दुखणं लपवायचं असा धडा घेऊ नये. ब्रॉन्झभोवती डॉक्टरांचा संपूर्ण चमू होता आणि ती 33 वर्षांची, स्वतःचा निर्णय घेणारी खेळाडू होती.

बचावपटूंची कारकीर्द लांबते, याचं कारण अंदाज. वेग तिशीनंतर घटतो, पण पास कुठे जाणार हे आधी ओळखणं वाढत जातं. अमेरिकेची ख्रिस्टी रॅम्पोन 40 व्या वर्षी 2015 चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती आणि अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरली. कडेच्या बॅकला मात्र ही सवलत कमी, कारण लांब धावा टाळता येत नाहीत. म्हणून अनेक जणी उशिराच्या वर्षांत आत, सेंटर बॅकच्या जागी सरकतात.

आपल्याकडे बचावपटू म्हणून कारकीर्द घडवण्याचा मार्ग इम्फाळच्या आशालता देवीने दाखवला. सेंटर बॅक, भारताची कर्णधार राहिलेली, 2018-19 मध्ये सेतू एफसीबरोबर आणि 2021-22 मध्ये गोकुलम केरळबरोबर भारतीय महिला लीगची विजेती. जानेवारी 2022 मध्ये तिच्याच नेतृत्वाखाली भारताने नवी मुंबईत आशियाई चषकाच्या पहिल्या सामन्यात इराणला 0-0 रोखलं. पुढच्या सामन्याआधी कोरोनामुळे संघ उभा करण्याइतक्या खेळाडू उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर गेला.

महाराष्ट्रातल्या मुलीसाठी पुढचा रस्ता क्लब, जिल्हा आणि मग राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या निवड चाचण्या असा जातो. वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा राजमाता जिजाबाई करंडकाची. गोव्यात हेच काम गोवा फुटबॉल असोसिएशन पाहते. 14 वर्षांपर्यंत मुलीला एकाच जागी बांधू नका. मिडफिल्डमध्ये खेळलेली मुलगी बॅक झाली की चेंडू घाबरून भिरकावून देत नाही. डावा पाय रोज वेगळा घोटून घ्या. डाव्या पायाच्या बॅक कुठल्याही संघाला कमीच मिळतात, त्यामुळे दोन्ही पायांनी खेळणारीला दोन जागांसाठी संधी असते.

क्लबला पाठवायची चित्रफीत हा शेवटचा व्यावहारिक मुद्दा. टॅकल आणि हेडर जोडून केलेली तीन मिनिटांची चित्रफीत स्ट्रायकरला शोभते, बचावपटूचं त्यात काहीच कळत नाही. मोबाइल स्टँडवर लावून, उंचावरून, बचावफळीच्या चौघी एकाच चौकटीत दिसतील असं चित्रण करा. त्यातले पाच-सहा प्रसंग निवडा आणि प्रत्येक प्रसंग चेंडू तिच्याजवळ येण्याच्या दहा सेकंद आधीपासून ठेवा. सोबत तिने चूक केलेला आणि मग धावत परतून सावरलेला एखादा प्रसंगही राहू द्या. एका पूर्ण सामन्याचं न कापलेलं चित्रण जोडा, कारण निवड करणारा माणूस शेवटी तेच उघडतो आणि 80 व्या मिनिटाला ती मुलगी अजून खांद्यावरून मागे पाहते आहे का, ते तपासतो.